नकाशावरच्या रेघा: मोठ्या वेस्टर्न मिनीसिरीजची यंदाची नोंद

मंडळी, यंदा नवीन वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या गुराख्यांच्या आणि वसाहतवाल्यांच्या कथा, शोधणं बाजूला ठेवलं आहे. जुन्या, मोठ्या मिनीसिरीज, म्हणजे ठरावीक भागांत संपणाऱ्या टीव्ही मालिका, नकाशा समोर पसरून सावकाश बघतो आहे. अमेरिकेचा नद्या ठळक दाखवणारा मोठा नकाशा घेतला, प्रत्येक मालिकेला रंगीत पेन्सिलीचा एक रंग दिला आणि भाग संपला की कळप किंवा गाड्या जिथवर पोचल्या असतील तिथवर रेघ ओढायची असं ठरवलं. आतापर्यंत ‘सेंटेनियल’, ‘लोनसम डव्ह’, ‘ब्रोकन ट्रेल’ आणि ‘१८८३’ झाल्या. ज्यांना शेवट आधी कळू द्यायचे नाहीत त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे सगळं उघड लिहिलं आहे.

जून: सेंटेनियल

जानेवारी १९७७ मध्ये एबीसीने ‘रूट्स’ ही मिनीसिरीज लागोपाठ आठ रात्री दाखवली आणि लोक रोज टीव्हीसमोर ठाण मांडून बसतात हे वाहिन्यांना दिसलं. त्या लाटेतच एनबीसीने जेम्स मिचनरच्या १९७४ च्या कादंबरीवर हात घातला. ऑक्टोबर १९७८ ते फेब्रुवारी १९७९ या काळात बारा भाग आले, वीस तासांच्या पुढचा ऐवज.

या मालिकेत रेघ ओढता येत नाही. कोलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीकाठचं एक काल्पनिक गाव आहे, ते जागचं हलत नाही. हलतो तो काळ. म्हणून नकाशावर एकच ठिपका काढला आणि त्याच्याभोवती सनावळी लिहीत गेलो. १७९५ च्या सुमारास बीव्हरच्या कातड्यांसाठी आलेला फ्रेंच-कॅनडियन पास्किनेल, मग पेनसिल्व्हेनियाहून बायकोला घेऊन निघालेला लेव्हाय झेंट, मग टेक्सासची लाँगहॉर्न गुरं, मेंढ्या, बीटची शेती, धुळीची वादळं. रशियातून आलेला जर्मन शेतकरी ‘पोटॅटो’ ब्रुमबॉ नदीचं पाणी चर खणून वरच्या माळावर नेतो, त्या भागांत मी सर्वांत जास्त रमलो. आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत वाकडं आलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही भांडणं समजावून सांगावी लागणार नाहीत.

पाचव्या भागातलं हत्याकांड २९ नोव्हेंबर १८६४ च्या सँड क्रीकवर बेतलेलं आहे. कर्नल शिव्हिंग्टनच्या घोडदळाने तिथे शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी जमातींची वस्ती कापून काढली, मारले गेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मालिकेत त्याच्या जागी कर्नल स्किमरहॉर्न आहे, काम रिचर्ड क्रेनाचं. एरवी सज्जन भूमिकांत दिसणारा हा नट इथे बायबलची वचनं तोंडी घेऊन हुकूम सोडतो आणि अंगावर काटा येतो.

वहीत मात्र सर्वांत मोठी नोंद झाली ती मॅकीगची. रिचर्ड चेंबरलेनने रंगवलेला हा लाजराबुजरा स्कॉटिश माणूस पास्किनेलचा जोडीदार. जोडीदाराच्या अरापाहो बायकोवर, क्ले बास्केटवर, त्याचा जीव आहे आणि तो ते कधी बोलून दाखवत नाही. वर्षानुवर्षं दुरावा, एकट्याने काढलेले हिवाळे, आणि मग सापळेवाल्यांच्या मेळाव्यात हाच माणूस पिवळा एप्रन बांधून नाचतो. दोन तासांच्या सिनेमात हा नाच गंमत म्हणून निघून गेला असता. इथे आपण त्याचं गप्प राहणं तासन्‌तास सोबत वाहिलेलं असतं, म्हणून तो पाहताना घशात आवंढा येतो.

जुलै: लोनसम डव्ह

५ ते ८ फेब्रुवारी १९८९, सीबीएसवर चार रात्री. त्या वेळी वेस्टर्न संपल्यात जमा होता आणि मोठ्या मिनीसिरीजवर पैसे लावायलाही वाहिन्या कचरत होत्या. ही कथा आधी सत्तरच्या दशकात पटकथा म्हणून लिहिली गेली होती, जॉन वेन, जेम्स स्ट्युअर्ट आणि हेन्री फोंडा यांना डोळ्यांसमोर ठेवून. सिनेमा बारगळला. लॅरी मॅकमर्ट्रीने पुढे त्याची कादंबरी केली, तिला १९८६ चं पुलित्झर मिळालं, आणि बिल विटलिफने तिची सहा तासांची पटकथा बांधली. दिग्दर्शक सायमन विन्सर ऑस्ट्रेलियाचा. एमी पुरस्कारांत सर्वोत्तम मिनीसिरीजचा मान मात्र ‘वॉर अँड रिमेंबरन्स’ने नेला. आज दोन्हींपैकी कुठली लोक पुन्हा पुन्हा काढून बघतात हे इथे कुणाला सांगायला नको.

कॅप्टन कॉल आणि गस हे दोन जुने सोबती टेक्सासहून गुरांचा कळप उत्तरेला मोंटानात नेतात, ही गोष्ट. नकाशावर ही लाल रेघ आहे. रिओ ग्रांदेच्या काठावरून निघते, न्यूएसेस ओलांडते, रेड रिव्हर, मग नेब्रास्कात प्लॅटकाठचं ओगालाला, वायोमिंग, माइल्स सिटी आणि कॅनडाच्या सीमेजवळची मिल्क नदी. सरळ सुतात धरलं तरी दोन हजार किलोमीटरांच्या वर. कळप दिवसाला दहा ते पंधरा मैल चालतो. त्याहून जोरात हाकला तर गुरं झडतात आणि भाव पडतो. म्हणजे कित्येक महिने खोगिरावरच काढायचे. मालिका हे अंतर नद्यांनी मोजते. पहिल्याच मोठ्या ओलांडणीत पाणसापांच्या घोळक्यात सापडून कोवळा आयरिश पोरगा मरतो, आणि त्यानंतर पडद्यावर नुसतं पाणी दिसलं तरी छाती धडधडते.

बारीकसारीक गोष्टीही बघा. सगळ्यांत नवख्या न्यूटला कळपाच्या शेपटाला, म्हणजे ‘ड्रॅग’ला ठेवतात, कारण सगळी धूळ तिथे खावी लागते. स्वयंपाकाची चकवॅगन टेक्सासमधल्या चार्ल्स गुडनाइट या खऱ्याखुऱ्या गुरांच्या व्यापाऱ्याने १८६६ मध्ये लष्कराच्या जुन्या गाडीवर कप्पे ठोकून बनवली होती. रात्री मुक्काम पडला की अशा गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायचा रिवाज होता, म्हणजे सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी उत्तर कुठे ते कळे.

आता ओगालालाच्या प्रसंगाकडे येतो. हा तुकडा मी थांबवून थांबवून पाहिला. लष्कराचा एक वाटाड्या घोडा हिसकावू बघतो, न्यूट सोडत नाही, म्हणून तो पोराला चाबकाने फोडून काढतो. कॅप्टन कॉल लांबून बघतो. कॉल झालेल्या टॉमी ली जोन्सचा चेहरा जराही बदलत नाही. घोड्याला टाच बसते, घोडा थेट त्या माणसाच्या घोड्यावर आदळतो, आणि पुढे कॉल त्याला असा बदडतो की शेवटी गसला दोर टाकून त्याला ओढून काढावं लागतं. मग श्वास सावरत, टोपी नीट करत, जमलेल्या लोकांना तो एवढंच सांगतो की माणसाचा उद्धटपणा त्याला खपत नाही. न्यूट त्याचा मुलगा आहे. गसला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, न्यूटलाही कळून चुकतं. कॉल कधीच तोंडाने कबूल करत नाही, अगदी शेवटी निरोप घेतानाही नाही.

माझ्या मते या प्रकाराची सगळी ताकद इथे आहे. घोडे, गोळीबार, डोंगर सिनेमातही असतात, बहुतेकदा जास्त देखणे असतात. पण एखाद्या माणसाने पाच-सहा तास काही न बोलणं, आणि त्या न बोलण्याचं वजन आपल्याला पेलायला लागणं, हे मिनीसिरीजलाच जमतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेतही ते जमत नाही, कारण तिथे पुढच्या हंगामासाठी माणसांना जिवंत आणि बोलतं ठेवावं लागतं. इथे शेवट ठरलेला असतो. गसचा पाय सडतो आणि तो मरतो. जेक स्पूनला त्याचे जुने सोबतीच झाडाला फास लावतात, आणि त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून तो स्वतःच घोड्याला टाच मारतो.

कळपाबरोबरचा जुना कृष्णवर्णीय सोबती डीट्स मरतो तेव्हा कॉल एका फळीवर चाकूने अक्षरं कोरत बसतो. हयातीत ज्याने कुणाची स्तुती केली नाही तो लिहितो की या माणसाने तीस वर्षं साथ दिली, कामाला कधी अंग चोरलं नाही. हा मजकूर कुठून आला हे माहीत असलं की प्रसंग आणखी खोल जातो. बोस इकार्ड हा गुलामगिरीत जन्मलेला काउबॉय गुडनाइटबरोबर गुरांच्या वाटेवर होता. १९२९ मध्ये तो वारला तेव्हा टेक्सासमधल्या वेदरफर्डला गुडनाइटने त्याच्या थडग्यावर दगड बसवला. ‘कामात कधी मागे हटला नाही’ आणि शेवटचे ‘वागणूक उत्तम’ अशा अर्थाचे शब्द त्या दगडावरून थेट फळीवर आले आहेत. गसचं प्रेत टेक्सासला परत नेणंही तिथलंच: १८६७ मध्ये गुडनाइटचा भागीदार ऑलिव्हर लव्हिंग न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला जखमांनी मेला आणि दिलेल्या शब्दाला जागून गुडनाइटने त्याला वेदरफर्डला आणून पुरलं. म्हणून माझी लाल रेघ उत्तरेला संपत नाही, खाली वळते. परतीची रेघ तुटक काढली आहे.

एक सूचना: जमलं तर जुन्या चौकोनी चौकटीतली प्रत बघा. रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेल्या प्रतीत आभाळ जातं, आणि या मालिकेत आभाळाला काम आहे.

ऑगस्ट: ब्रोकन ट्रेल आणि १८८३

‘ब्रोकन ट्रेल’ एएमसीवर २००६ साली दोन भागांत आली, दिग्दर्शन वॉल्टर हिलचं. १८९८ मध्ये ऑरेगनहून वायोमिंगला घोड्यांचा कळप न्यायचा आहे आणि वाटेत वेश्याव्यवसायासाठी विकलेल्या पाच चिनी मुली गळ्यात पडतात. रॉबर्ट डुव्हाल, म्हणजे ‘लोनसम डव्ह’मधला आपला गसच, आता म्हातारा. भाषा कळत नाही म्हणून तो मुलींना एक, दोन, तीन असे आकडे देतो आणि त्या आकड्यांतच माया भरत जाते. हिरवी रेघ, आखूड, पण मला फार प्रिय.

‘१८८३’बद्दल माझं मत काहींना रुचणार नाही. सॅम एलियटचं काम अप्रतिम आहे. बायको-मुलीच्या मृत्यूनंतरचा त्याचा पहिला प्रसंग एकही शब्द वाया न घालवता केलेला आहे. नद्या आणि गाड्यांची ओलांडणी जीव तोडून दाखवली आहे. पण कथा सांगणारी तरुण मुलगी एल्सा जवळजवळ प्रत्येक भागात मनातलं सगळं बोलून दाखवते, आणि मग आपल्याला वाहायला काही उरत नाही. शिवाय नकाशावर रेघ ओढताना हात अडखळतो: १८६९ मध्येच रेल्वे पॅसिफिक किनाऱ्याला भिडली होती, सप्टेंबर १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिकही पूर्ण झाली, तर टेक्सासहून ऑरेगनला बैल-घोड्यांच्या गाड्या का, याचं मला पटेल असं उत्तर मालिका देत नाही. शेवटच्या दोन भागांसाठी मात्र सगळं माफ.

पुढे

आता ‘इन्टु द वेस्ट’ काढतो आहे, टीएनटीची २००५ ची, सहा भाग. त्यात एक गोऱ्यांचं आणि एक लाकोटा या मूळ रहिवासी जमातीचं अशी दोन कुटुंबं आहेत, म्हणून दोन रंग लागतील. लाकोटांची रेघ ओढताना हंगामी मुक्काम कसे दाखवावेत यावर अडलो आहे. दरवर्षी त्याच पट्ट्यात फिरणाऱ्या लोकांना बाण लावणं मला योग्य वाटत नाही. कुणी असे नकाशे केले असतील तर पद्धत जरूर कळवा, तोवर पेन्सिलीने पुसट वर्तुळं काढून ठेवतो.