डिसेंबरातली बारकी पुस्तकं

वर्षाचं वाचन ठरवायला बसलं की ५२ हा आकडा फार मोह घालतो. आठवड्याला एक पुस्तक, हिशेबाला सोपं. पुस्तक सरासरी अडीचशे पानांचं धरलं तर वर्षाची १३,००० पानं होतात, म्हणजे रोजची ३५-३६. रोज पस्तीस पानं वाचणं काही अवघड नाही, असं जानेवारीत वाटतं. जानेवारीत सगळंच तसं वाटतं. माझा स्वतःचा आकडा ५२च्या बराच खाली आहे आणि तो मी सांगणार नाही. सांगितला की वाचणारा तो मनातल्या मनात स्वतःच्या आकड्याशी ताडून बघणार, आणि पुस्तकांबद्दल बोलायचं राहूनच जाणार.

हे असं ताडून बघणं आता सवयीचंच झालंय. आधी मैत्रिणी विचारायच्या, ‘काय वाचतेस सध्या?’ आता विचारतात, ‘किती झाली?’ गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळानं २०११ साली वार्षिक वाचनाचं आव्हान सुरू केलं, तेव्हापासून जगभरच्या वाचकांना डिसेंबरअखेरची धाकधूक लागली. पण मोजणाऱ्यांचा सगळा दोष संगणकावर ढकलता येत नाही. चार्ल्स डार्विन १८३८ ते १८६० अशी बावीस वर्षं वह्यांमध्ये दोन याद्या ठेवत होता, एक वाचायच्या पुस्तकांची आणि एक वाचून झालेल्यांची. काही नोंदींपुढे पुस्तक नुसतं चाळलं, असंही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा माणूस ‘चाळलं’ लिहायला लाजत नाही आणि आपण मात्र शेवटची दोन प्रकरणं गाळलेलं पुस्तक खुशाल यादीत घालतो.

मोजायचं म्हटलं की पहिली पंचाईत येते ती पुस्तक कशाला म्हणायचं याची. युनेस्कोनं १९६४ साली याचा निकाल लावून ठेवला आहे. आकडेवारीच्या सोयीसाठी, मुखपृष्ठ-मलपृष्ठ सोडून निदान ४९ पानं असतील तर ते पुस्तक. ५ ते ४८ पानं असतील तर पुस्तिका. हे वाचल्यावर मी कपाटातला एक लाडका कवितासंग्रह काढून मागचा पानाचा आकडा पाहिला. पुस्तिका निघाली! तो संग्रह मी तरीही यादीत घातला. युनेस्कोला कळवायचं कारण नाही. याच न्यायानं श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ दोन खंडांत आहे, तेव्हा ती दोन पुस्तकं. चार पिढ्यांची गोष्ट आहे, खरं तर चार म्हटलं तरी चाललं असतं. कानानं ऐकलेली पुस्तकं धरायची की नाही यावर लोक तावातावानं भांडतात. मी धरते, आणि भांडत नाही.

आता नोव्हेंबर-डिसेंबरबद्दल. दिवस थोडे उरलेले असतात, यादीत खड्डा असतो, आणि मी वापरते ते अ‍ॅप ‘तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात’ असं रोज न चुकता सांगत असतं. अशा वेळी माणूस कपाटापुढे उभा राहून नावं वाचत नाही, जाडी बघतो. सरळ सरळ लबाडी आहे ही, आणि लक्ष्य ठेवण्याच्या विरोधात बोलणारे नेमकं याच लबाडीवर बोट ठेवतात. त्यांचं म्हणणं असं की आकडा आला की वाचन बिघडतं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. माझी कितीतरी आवडती पुस्तकं मला याच लबाडीतून मिळाली.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ त्यातली पहिली. ती चांगली आहे हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं, आणि चांगली आहे हे माहीत असलेली पुस्तकं वाचायची राहून जातात, हा माझ्या वाचनाचा जुना रोग आहे. अखेर ती हातात घेतली ती केवळ अंगानं बारीक म्हणून. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू, प्रेमातून हात पोळून घेतलेला आणि म्हणून सगळ्याच बायकांवर डूख धरून बसलेला चक्रधर, आणि त्या ज्यूंमधली हॅर्टा. प्रवास संपला की आपल्यापुढे काय आहे, याची कल्पना दोघांनाही असते, आणि तरी ती दोघं डेकवर बोलत राहतात. पुस्तक आलं १९३९ साली, ज्या वर्षी महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय हे लिहिणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं. आपल्याला ते ठाऊक असतं, म्हणून बोटीवरची साधी थट्टामस्करीसुद्धा वाचवत नाही. एका बैठकीत संपेल असा माझा अंदाज होता. लागले त्याच्या कितीतरी पट दिवस, कारण दहा-बारा पानं झाली की पुस्तक मिटून ठेवावंसं वाटायचं. आकडा एकनं वाढवायला घेतलेल्या पुस्तकानं त्या वर्षीचा आकडा पार बुडवला.

‘बनगरवाडी’चंही तसंच. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो, हळूहळू त्या वाडीचा होतो, आणि मग दुष्काळ पडतो. गोष्ट इतकीच. पण माडगूळकरांचं वाक्य बघावं. त्यात उगीच म्हणून एक शब्द सापडत नाही. माणूस कसा दिसतो, कसा चालतो, खांद्यावर काय टाकतो एवढं सांगून ते बाजूला होतात, आणि कारभारी आपल्यासमोर खाकरून बसतो. मला वाटतं, बारीक पुस्तक लिहायला फार धीर लागतो. काय सांगायचं नाही हे लेखकाला आधी पक्कं ठरवावं लागतं. जाड पुस्तकाला एखादं ढिलं प्रकरण खपवून नेता येतं. हिला ते परवडलं नसतं. वाडी ओस पडत जाते ते सगळं मोजक्या पानांत आहे. दुसऱ्या एखाद्यानं त्याचा एक खंड केला असता (आणि मी तो दोन म्हणून मोजला असता).

तेव्हा आकड्याचा हावरटपणा मला मान्य आहे. तो नसता तर मी ओळखीच्या चार लेखकांच्या अंगणातच फिरत राहिले असते. हाव माणसाला न चाळलेल्या कप्प्यांत हात घालायला लावते, आणि त्या कप्प्यात कोण बसलंय हे हावेला माहीत नसतं.

पण आकडा ज्यांच्यावर अन्याय करतो ती पुस्तकंही आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. आता ती एकत्र, चांगल्या जाडजूड रूपात मिळतात. यादीत मात्र एकच ओळ. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई सोवळ्यानं झपाटलेल्या वडिलांबद्दल, नवऱ्याच्या धर्मांतरानं झालेल्या ताटातुटीबद्दल लिहिते, आणि रडत नाही. हसते. नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असा करते, आणि हातातले पैसे वाटेतच कुणाला तरी देऊन मोकळ्या होणाऱ्या या टिळकांवर ती चिडली आहे की खूश आहे, ते शेवटपर्यंत नीट कळत नाही. बहुधा दोन्ही. हे पुस्तक भरभर वाचता येतं, भाषा तशी वाहती आहे. पण भरभर वाचलं की तिच्या तिरकस शेऱ्यांवरून माणूस नुसता घसरत जातो. एखादं वाक्य दोन पानं पुढे गेल्यावर लक्षात येतं, आणि मागे यावं लागतं. मागे येण्याची कुठेच नोंद होत नाही.

पुन्हा वाचण्याचीही नाही. निदान माझ्या नियमात नाही. मी ठरवलंय की एकदा यादीत आलेलं पुस्तक पुन्हा धरायचं नाही, नाहीतर ‘बटाट्याची चाळ’च्या पारायणांवर मी दरवर्षी जिंकेन. त्यामुळे झालंय असं की वर्षाअखेरीची यादी पाहिली तर मला सगळ्यात जास्त आवडणारी पुस्तकं तिच्यात नसतातच. १९५८पासून छापील स्वरूपात असलेली ही चाळ कुठूनही उघडावी, दोन पानं वाचावीत आणि ठेवून द्यावी. ती वाचून झाली असं कधी म्हणायचं?

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचा प्रश्न याच्या उलटा. दीडशे पानं वाचून सोडलेलं पुस्तक हिशेबात शून्य. म्हणून आवडत नसलं तरी माणूस ते ओढत नेतो, आतापर्यंतची पानं फुकट जाऊ नयेत म्हणून. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी यावर एक झकास नियम सांगितलाय. पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर सोडा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा आणि उरेल तितकीच पानं द्या. म्हणजे साठीच्या माणसानं चाळीस, ऐंशीच्या माणसानं वीस. शंभरी गाठलेल्यानं मुखपृष्ठ बघून ठरवलं तरी चालेल. मी हा नियम पाळते, फक्त डिसेंबर सोडून. डिसेंबरात मी काहीही संपवते.

आणि काही पुस्तकांची चालच आकड्याशी जुळत नाही. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली अवघ्या काही दिवसांत लिहिली, पण आत ती रात्रींमध्ये वाटलेली आहे. बेचाळीस रात्री. रोज एक रात्र वाचावी अशीच तिची घडण आहे, सगळे जमले, श्याम बोलू लागला, गोष्ट संपली, उरलेलं उद्या. लहानपणी ती मला मोठ्यांदा वाचून दाखवली गेली तेव्हा ती अशीच पुढे सरकली असावी. नंतर मी स्वतः वाचली ती एका दुपारी, अधाशासारखी, आणि बेचाळीस रात्रींचं रडणं एकदम अंगावर आल्यानं ‘अति आहे’ म्हणून नाक मुरडलं. त्यात पुस्तकाचा काय दोष? एका दुपारी ती वाचा असं ते कुठेच म्हणत नाही.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तर याहून पुढचं. १९५६चं पुस्तक, अंगानं लहान, नोव्हेंबरात उचलण्याजोगं. चैत्रापासून महिन्यामागून महिना घेत झाडं, पानं, फुलं, पाखरं, आकाशाचे रंग यांच्याबद्दल बाई लिहितात, पण निसर्गवर्णन म्हटल्यावर जे मनात येतं ते हे नव्हे. त्यांना झाडाचं नाव ठाऊक असतं, ते कधी निष्पर्ण होतं आणि पालवी आधी येते की फूल, तेही ठाऊक असतं. मी हे पुस्तक सलग वाचलंय, आणि सलग वाचताना आषाढापर्यंत पोचेतो चैत्र विसरायला होतं. ज्या महिन्याचं प्रकरण त्याच महिन्यात वाचावं, मान वर करून बाहेर बघावं, बाई म्हणतात ते झाड सापडतंय का शोधावं, असं कधीपासून मनात आहे.

यंदा ते करायचं ठरवलंय. वर्षभर एक पुस्तक चालू, यादीत एक. अडचण एवढीच की बाईंचं वर्ष चैत्रात सुरू होतं आणि अ‍ॅपचं जानेवारीत. चैत्रात उघडलेलं पुस्तक फाल्गुनात मिटणार, म्हणजे पुढच्या वर्षीचा मार्च येणार, आणि या वर्षभराच्या वाचनाचा गुण जाणार पुढच्या वर्षाच्या खात्यात. तेव्हा यंदाच्या यादीत एक जागा आताच रिकामी झाली आहे. एखादं बारकं पुस्तक बघून ठेवायला हवं.