लूप्स घेताय? आधी टेप घ्या

डेंटलच्या विद्यार्थ्यांची क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे पेशंटवरचं काम, सुरू झाली की लूप्सची (चष्म्यावर बसवलेल्या भिंगांच्या दोन नळ्यांची) चौकशी सुरू होते आणि पहिला प्रश्न हमखास एकच, ‘किती एक्सचे (किती पट मोठं दाखवणारे) घेऊ?’ खरं तर तो तिसरा-चौथा प्रश्न असायला हवा. दात मोठा दिसणं हा लूप्सचा अर्धाच फायदा, उरलेला अर्धा मानेचा. चुकीच्या मापाचे लूप्स दातही मोठा दाखवतात आणि वाकायलाही लावतात. त्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी केलेलं काम परवडलं.

लूप्सचा फोकस ठरलेला असतो. ज्या अंतरासाठी बनवलेत तिथे आणि त्याच्या थोडं मागेपुढे स्वच्छ दिसतं, बाकी सगळं धूसर. हेच वर्किंग डिस्टन्स, म्हणजे डोळ्यापासून पेशंटच्या दातापर्यंतचं अंतर. तुमचं अंतर 45 सेंमी असताना 35 चे लूप्स घेतलेत, तर मधले 10 सेंमी मान झुकवूनच भरून निघतात. दिवसभर.

मोजायचं कसं? फँटम हेडसमोर (सरावासाठीच्या नकली डोक्यासमोर) बसा. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या, पाठ ताठ, कोपरं अंगालगत. टायपोडॉन्ट, म्हणजे त्यातला नकली दातांचा जबडा, कोपराच्या उंचीला आणा. हातात मिरर (तोंडात बघायचा छोटा आरसा) आणि एक्सप्लोरर (दात तपासायची टोकदार सळई) धरा, आणि मित्राला टेप लावायला सांगा: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ज्या दातावर काम चाललंय तिथपर्यंत. वरचे, खालचे, डावे, उजवे असे चार-पाच दात मोजून सरासरी काढा. इथेच बहुतेकांची गफलत होते. प्रीक्लिनिकलमध्ये (पेशंटआधीच्या सरावाच्या वर्षांत) डोकं खुपसून दातात कॅव्हिटी, म्हणजे खड्डा, पाडायची सवय लागलेली असते, त्याच सवयीने बसून मोजलं की आकडा 30-32 येतो. त्या मापाचे लूप्स म्हणजे वाकलेल्या पाठीवर कायमचं शिक्कामोर्तब. आधी बैठक सुधारा, मग मोजा.

स्वस्त तयार लूप्स साधारण 340, 420 आणि 500 मिमी अशा मापांत येतात. तुम्ही दोन मापांच्या मधे अडकलात तर लांबचं घ्या. पेशंटची खुर्ची थोडी खाली नेता येते, वाकलेल्या मानेचं तसं काही करता येत नाही.

दुसरं माप नळ्यांच्या उताराचं, म्हणजे डेक्लिनेशन अँगलचं. नळ्या पुरेशा खाली झुकलेल्या नसल्या की डोळ्यांऐवजी डोकं झुकतं. ट्रायल देताना कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मान वीसेक अंशांपेक्षा जास्त वाकलेली दिसली तर तो सेट परत करा, सेल्समन काहीही म्हणो. कधी कधी दोष नोज पॅडचा असतो. फ्रेम नाकावरून घसरली की अंतर आणि कोन दोन्ही बिघडतात, म्हणून डोक्यामागचा पट्टा शोभेचा समजू नका.

आता एक्स. पहिल्या सेटसाठी 2.5, फार तर 3. क्लास टू (दोन दातांमधल्या बाजूची कीड), क्राउन प्रेप (कॅपसाठी दात घासणं), स्केलिंग (दातांची सफाई) सगळं यात निघतं, दृश्य प्रशस्त असतं आणि पेशंट जरा हलला तरी फोकस सुटत नाही. 3.5 च्या पुढे बहुतेक प्रिझमवाल्या लांब नळ्या येतात. त्या जड, दृश्य दोन-तीन दातांपुरतं आणि स्वतंत्र लाइट नसेल तर अंधार. एन्डोकडे (रूट कॅनालच्या स्पेशालिटीकडे) जायचं नक्की झालं की तेव्हा घ्या.

डब्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. मिलिमीटरची पट्टी वर्किंग डिस्टन्सवर ठेवा, एका डोळ्याने लूप्समधून आणि दुसऱ्याने बाहेरून एकाच वेळी बघा. लूप्समधला 1 सेंमी बाहेरच्या अडीच सेंमीवर बसला तर लूप्स खरंच 2.5 चे.

फ्लिप-अपमध्ये, म्हणजे नळ्या बिजागरीवर वर उचलता येणाऱ्या लूप्समध्ये, दोन नळ्यांमधलं अंतर आपणच जुळवतो. कडेला काळी चंद्रकोर दिसली की हे अंतर तुमच्या बाहुल्यांच्या अंतराशी जुळत नाहीये. दोन गोल एकमेकांवर न बसता दोन वेगळी चित्रं दिसत असतील, आणि अंतर नीट लावूनही ती जुळत नसतील, तर नळ्यांची दिशाच चुकलीय. असा सेट डोकं दुखवतो, सवयीने सुधारत नाही. आरशातून बघतानाच दोन प्रतिमा दिसत असतील तर मात्र लूप्सना दोष देऊ नका. साध्या मिररमध्ये चकाकणारा थर काचेच्या मागे असतो, काचेच्या वरच्या पृष्ठभागावरूनही फिकट प्रतिमा उमटते आणि लूप्स ती ठळक करतात. फ्रंट सरफेस मिरर घ्या, त्यात तो थर काचेच्या वरच असतो.

टीटीएल, म्हणजे नळ्या चष्म्याच्या काचेतच पक्क्या बसवलेले लूप्स, हलके आणि सुटसुटीत, पण ते एकाच माणसाच्या मापाने बनतात. चष्म्याचा नंबर अजून बदलतोय तर दर वेळी कंपनीकडे पाठवावे लागतील, महाग पडतात ते वेगळंच. विद्यार्थ्याने फ्लिप-अपवर दोन वर्षं काढली तर काही बिघडत नाही.

हेडलाइट घेणार असाल तर त्यावर केशरी फिल्टर आहे ना ते बघा. त्याशिवाय कॉम्पोझिट (प्रकाशाने घट्ट होणारं दातात भरायचं मटेरियल) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे दाताभोवतीच्या पट्टीत, दाबत असतानाच घट्ट व्हायला लागतं. पुसताना स्प्रे थेट नळीवर मारू नका, सांध्यातून आत ओल गेली की आतून बुरशी धरते, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच.

पहिले दोन-तीन आठवडे हात चुकीच्या खोलीवर पडतो. तेवढे दिवस टायपोडॉन्ट आणि काढलेल्या दातांवरच लूप्स लावा. ट्रेमधून एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) उचलताना किंवा सिरिंज हातात घेताना नजर लूप्सच्या वरून असू द्या, नळीतून नाही. नळीतून सुई जिथे दिसते तिथे ती नसते.