चंदनाची उधारी

फुकटखाऊ माणसाला आपण बांडगूळ म्हणतो आणि दुसऱ्यांसाठी राबलेला माणूस चंदनासारखा झिजला म्हणतो. वनस्पतिशास्त्रात मात्र ही दोघं भाऊबंद, एकाच गणातली. दोघांची पानं हिरवी, दोघं आपली साखर आपणच तयार करतात, आणि पाणी नि क्षार मात्र शेजाऱ्याकडून ओढतात.

बांडगुळाचं नशीब असं की त्याची चोरी आंब्याच्या फांदीवर, दिवसाढवळ्या चालते. फांदीला आलेली गाठ दिसते, तिच्यापुढचं वाळत चाललेलं टोकही दिसतं. या चोरीत सामील असतो फुलटोच्या, जेमतेम 8 सेंटिमीटरचा पक्षी. तो बांडगुळाचं फळ आवडीनं खातो, पण बी इतकं चिकट की बाहेर पडतानाही शेपटीखाली लोंबत राहतं. मग हा बूड फांदीला घासतो. झाली लागवड!

चंदनाचा कारभार जमिनीखाली, म्हणून अब्रू शाबूत. त्याच्या बारीक मुळांना बटणासारख्या चकत्या येतात. त्या शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटतात आणि आत शिरतात. चंदन लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते सोबत तूर लावतात.

तूरच का? तिचं रोप अलगद उपटून मुळावरची एक गाठ नखानं फोडून बघा. गाठ जिवंत असेल तर आत गुलाबी दिसेल. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच एक नातलग तिथे असतो. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून तुरीला देतात, तूर त्यांना साखर पुरवते. व्यवहार चोख. त्या कमाईतला वाटा चंदन परस्पर उचलतं. बदल्यात तुरीला काय मिळतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पंढरपुरात उन्हाळ्यात विठ्ठलाला चंदनउटी लागते, तिचं थोडं पुण्य एखाद्या तुरीच्या खाती जमा व्हायला हरकत नव्हती.

तूर फार वर्षं टिकत नाही, म्हणून पुढच्या सोयीसाठी जवळ सुरू किंवा करंज लावतात. आणि नर्सरीतून चंदनाचं रोप आणलंत, तर पिशवीतलं दुसरं बारकं झाड तण समजून उपटू नका. रोपाची खानावळ तीच आहे.