दीडला निघून आठला पोचणारं विमान

तिकिटावर लिहिलं होतं: मुंबई रात्री 1.30, नेवार्क सकाळी 8.00, तारीख तीच. हिने चष्मा सावरून विचारलं, "अहो, साडेसहा तासात अमेरिका? आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूरहून मुंबईला जायला आठ तास घेते की!"

थट्टा बाजूला, प्रश्न खरा होता. हिला इन्सुलिन चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "घड्याळ सांगू नका, दोन डोसमध्ये किती तास जातात ते सांगा."

मग मी अंतरापासून सुरुवात केली. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सौदी, लिबिया, अल्जेरियावरून गेली. शेजारच्या पोराचा पृथ्वीगोल आणला आणि लूमवरचा सुती दोरा त्यावर ताणला, तर तो सिंधवरून वर सरकत थेट फिनलंड, आइसलंडवर! जवळचा रस्ता हाच. गोल पृथ्वी सपाट कागदावर काढली की असा घोळ होतो. तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळला, म्हणजे 40,000 किलोमीटर. आमचा तुकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाला थोडा कमी भरला. साधारण साडेबारा हजार. ताशी 900 धरले तर चौदा तास.

पण खरे तास निघाले सोळा. नेवार्कला उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात (हिवाळ्यात साडेदहा), म्हणून साडेसहात साडेनऊ मिळवायचे. वरचे दोन तास कुठले? विमान दोऱ्यासारखं सरळ जात नाही, आणि दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा समोरून येतो. परतीला तोच पाठीशी: दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई, म्हणजे साडेचौदाच तास. हे मे 2024 चं गणित. एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं, त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी जुना आकडा सांगत नाही.

डॉक्टरांना सोळा सांगितले, तर ते म्हणाले, "आणि घरापासून?" हे मी धरलंच नव्हतं. रात्री साडेदहाची गाडी, दिवसभर डोंबिवलीला मेहुणीकडे, विमानतळावर तीन तास आधी. घराला कुलूप लावल्यापासून नेवार्कला उतरेपर्यंत त्रेचाळीस तास! त्यांनी त्यावरून डोसचा तक्ता करून दिला. इन्सुलिन चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवलं. खालच्या सामानात ते गोठू शकतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणीही त्याच पिशवीत.

हिच्या मनगटावरचं घड्याळ मुद्दाम सोलापूरच्या वेळेवरच ठेवलं होतं. उतरलो तेव्हा बाहेर कोवळं ऊन होतं. हिने घड्याळ पाहिलं, साडेपाच. म्हणाली, "चहाची वेळ झाली की हो."