ऑस्करची वही: १३ नामांकनं, सरांचा कोटा आणि न पोचलेले सिनेमे

ऑस्करच्या सोहळ्याआधी नामांकनातले सिनेमे बघून टिक मारायची, ही आमच्या मंडळींची वही. २०२५ ची वही फेब्रुवारीत कुठवर आली ते आधी सांगते. ‘सर्वोत्तम चित्रपट’च्या १० पैकी ‘ड्यून: पार्ट टू’, ‘विकेड’, ‘द सबस्टन्स’, ‘अनोरा’ आणि ‘कॉन्क्लेव्ह’ यांच्यापुढे टिक झाली आहे. ‘द ब्रुटलिस्ट’ आणि ‘अ कम्प्लीट अननोन’ आपल्याकडे अजून पोचलेच नाहीत. उरलेल्यांचा शोध चालू आहे. नियम जुनेच: ट्रेलर पाहून टिक मारायची नाही, आणि एसटीत मोबाइलवर पाहिलेला सिनेमा अर्धाच धरायचा.

२३ जानेवारी २०२५, गुरुवार

खरं तर नामांकनं १७ तारखेला यायची होती. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे आधी १९ आणि मग २३ झाली. आपल्या पथ्यावरच पडलं, कारण २३ ला भुसावळजवळच्या मळ्यात भरीत पार्टी ठरलेलीच होती. तिकडची पहाटेची साडेपाच म्हणजे आपली संध्याकाळची सात. तुरीच्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजायला टाकली आणि मोबाइल खाटेच्या पायाला टेकवून ठेवला. रेंज मळ्यात कायमच लपंडाव खेळते. सहायक अभिनेत्रीची नावं चालू झाली आणि चित्र गोठलं. परत आलं तेव्हा वांग्याची सालं काढून झाली होती आणि तिकडे भलताच विभाग चालू होता. राहिलेली नावं भरीत ठेचता ठेचता यादीतून मोठ्यानं वाचली. पातीचा कांदा चिरणाऱ्यांनी मध्येच हात थांबवून हुर्यो केली ती ‘चॅलेंजर्स’साठी. गोल्डन ग्लोबमध्ये ज्याच्या संगीताला पारितोषिक, त्याला इथे एकही नामांकन नाही. ‘ड्यून’चं संगीतही यादीत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. पहिल्या भागातलं संगीत त्यात फार वापरलं म्हणून ते पात्रच ठरलं नव्हतं. त्यावर चिडण्यात अर्थ नाही, तरी आमचे दोघे चिडलेच.

‘एमिलिया पेरेझ’ला १३. इंग्रजीबाहेरच्या सिनेमाला इतकी नामांकनं याआधी कधी मिळाली नव्हती. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ आणि ‘रोमा’ १० वर थांबले होते. अमळनेरचा मावसभाऊ लगेच म्हणाला, “मंग आते काय पाहानं? तेच जिंकी ना!” त्यावर सरांनी हातातली कळण्याची भाकरी ताटात ठेवली, तेव्हाच कळलं की आता तास होणार.

सर माध्यमिक शाळेत शिकवतात आणि नाशिक शिक्षक मतदारसंघात दर वेळी न चुकता मत टाकतात. जांभळ्या पेनानं नावापुढे १, २, ३ लिहायचं ते मतदान. त्यांचं म्हणणं असं की ऑस्करची नामांकनं बहुतेक विभागांत याच पद्धतीनं ठरतात, हे लक्षात घेतलं की निम्मी कोडी सुटतात. दिग्दर्शकांची नामांकनं दिग्दर्शकच करतात, अभिनयाची नट-नट्याच. समजा, एखाद्या शाखेत ५०० मतं पडली आणि जागा ५ आहेत. मग ५०० भागिले ६ (जागांपेक्षा एक जास्त), त्यात एक मिळवा, अपूर्णांक सोडा, कोटा झाला ८४. ज्याला पहिल्या पसंतीची ८४ मतं पडली तो आत. ज्याला सगळ्यांनी चौथा-पाचवा नंबर दिला त्याची मतं मोजायची पाळीच कदाचित येणार नाही, त्याआधीच तो तळाला राहून बाद होतो.

आता ‘द सबस्टन्स’च्या कोरॅली फार्जा यांचं बघा. तो सिनेमा जेवताना लावू नका, हे आमच्यातल्या एकीनं उपाशी राहून सिद्ध केलंय. पण ५०० पैकी ४१६ जणांना तो बघताना मळमळलं तरी बिघडत नाही, ८४ जणांनी १ नंबर घातला की काम झालं. उलट ‘कॉन्क्लेव्ह’चे एडवर्ड बर्गर. दिग्दर्शकांच्या गिल्डनं, म्हणजे संघटनेनं, आपल्या नामांकनांत त्यांचं नाव घेतलं होतं, ऑस्करमध्ये ते गळाले आणि त्या जागी फार्जा आल्या. ‘कॉन्क्लेव्ह’ आवडला नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण ‘यंदाचा माझा सिनेमा हाच’ असं छातीला हात लावून सांगणाराही भेटलेला नाही. फार्जा यांचं नाव मी आधीच अंदाजाच्या कागदावर लिहिलं होतं. मावसभावानं बर्गर लिहिले होते, म्हणून भांडी त्यानं घासली.

ब्राझीलचा ‘आय ॲम स्टिल हिअर’ थेट सर्वोत्तम चित्रपटाच्या यादीत येईल असं मात्र आमच्यात कोणाच्याच कागदावर नव्हतं. फर्नांडा टोरेस अभिनेत्रींमध्ये आल्या, ते ठीक, त्यांना गोल्डन ग्लोब मिळालाच होता. त्यांची आई फर्नांडा मॉन्टेनेग्रो यांनाही याच विभागात नामांकन होतं, ‘सेंट्रल स्टेशन’साठी, आणि दोन्ही सिनेमांचे दिग्दर्शक वॉल्टर सालेसच. हे वाचून दाखवल्यावर मळ्यात दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. अर्थात भरीतही तेव्हाच वाढलं होतं.

आपल्याकडचं काय

हा विषय निघाला की आवाज चढतात. परभाषी सिनेमांच्या विभागासाठी भारतानं पाठवलेला ‘लापता लेडीज’ डिसेंबरमध्येच पहिल्या चाळणीतल्या १५ च्या यादीबाहेर राहिला. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार घेऊन आला होता, त्यांना गोल्डन ग्लोबचं दिग्दर्शनाचं नामांकनही मिळालं, पण तो भारतानं पाठवला नाही. एका देशाचा एकच सिनेमा जातो. फ्रान्सनंही त्याचा विचार केला होता, त्यांनी शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. ‘संतोष’ हिंदीतला, पण ब्रिटननं पाठवलेला. तो १५ पर्यंत गेला आणि तिथेच थांबला. माझं मत विचाराल तर कपाडियांचाच जायला हवा होता, आणि हे मी ‘लापता लेडीज’ आवडूनही म्हणते. गंमत म्हणजे दोन्हीकडे छाया कदम आहेतच. ‘लापता लेडीज’मधली मंजूमाईही त्याच आणि कपाडियांच्या सिनेमातली रत्नागिरीला परतणारी पार्वतीही त्याच. कुठलाही गेला असता तरी आपलं माणूस होतंच.

५ फेब्रुवारी

‘अनुजा’ नेटफ्लिक्सवर आला. लघुपटांत नामांकन असलेला, दिल्लीतल्या शिवणकामाच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलीचा. आई पिको-फॉलचं मशीन बंद करून शेजारी येऊन बसली. सिनेमा वीसेक मिनिटांचाच. शेवटी मुलीचा चेहरा दिसतो आणि ती काय ठरवते ते न सांगताच संपतं. आई म्हणाली, “मग? गेली का परीक्षेला?” मी म्हटलं, ते आपणच ठरवायचं. “असं कसं? इतका वेळ बसवून ठेवलं आणि आता आपणच ठरवायचं?” ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली. रात्री भाकरी थापताना मात्र आपणहून म्हणाली, “गेली असेल ती. बहिणीनं एवढं केलं तिच्यासाठी.” वहीत ‘अनुजा’पुढे टिक, आणि त्याच्या खाली आईचा निकाल लिहून ठेवलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहाच्या आधीच बातमी: निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या, दोन्ही गिल्डांचे पुरस्कार ‘अनोरा’ला. आदल्या दिवशी समीक्षकांचा क्रिटिक्स चॉइस पुरस्कारही त्यालाच मिळाला होता. मावसभावाचा फोन आला, “भो, तेरा नामांकनंवाल्याचं काय झालं?”

झालं ते असं की ‘एमिलिया पेरेझ’ची नायिका कार्ला सोफिया गॅस्कॉन यांच्या जुन्या आक्षेपार्ह पोस्ट जानेवारीअखेर बाहेर आल्या आणि सिनेमाच्या प्रचाराची हवा गेली. पण सर म्हणतात, त्याच्याशिवायही अवघडच होतं. नामांकनाला कोटा भरला की पुरतं. सर्वोत्तम चित्रपट जिंकायला मात्र निम्म्याहून जास्त मतं लागतात. शेवटचा सिनेमा बाद करत करत त्याची मतं पुढच्या पसंतीला देत जायचं. तिथे दुसरा-तिसरा नंबर कामाला येतो, आणि ज्याच्यावर अर्धे जण जीव टाकतात नि अर्धे कानाला हात लावतात, त्याचं घोडं अडतं. ‘ला ला लँड’ला १४ नामांकनं होती, मुख्य पुरस्कार हुकला. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ होती, हाती आला एकच, दिग्दर्शनाचा. निर्मात्यांचं गिल्डही पसंतीक्रमानंच मतं मोजतं, म्हणून कालच्या निकालाला मी जास्त वजन देते. माझ्या कागदावर सध्या ‘अनोरा’ आहे. सरांच्या कागदावर ‘कॉन्क्लेव्ह’, आणि ते हटायला तयार नाहीत. दुसऱ्या नंबरांच्या बेरजेत तोच पुढे जाईल, हा त्यांचा हिशोब आहे. तो खोडायला माझ्याकडे अजून काही नाही.

पुढचं

‘द ब्रुटलिस्ट’ साडेतीन तासांचा आहे आणि त्यात १५ मिनिटांचं मध्यंतर खुद्द दिग्दर्शकानं घातलंय. परदेशी मंडळींना त्याचं भारी कौतुक वाटतंय. आपण काय बोलायचं! जळगावात लागेल असं दिसत नाही, तेव्हा नाशिकला गाडी करावी लागेल. चार जणं झाले की निघू. वाटेत शेवभाजी कुठे खायची यावर आत्ताच वाद नको.

२८ फेब्रुवारीच्या शुक्रवारी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ही लागतोय. धुळ्यापासून तासाभरावरच्या गावाचा सिनेमा, तो सोडून ऑस्करचे राहिलेले बघत बसायचं हे मला पटत नाही. धुळेकरांनी तिकिटांचं बघावं.

सोहळा आपल्याकडे सोमवारी, ३ मार्चला पहाटे साडेपाचला चालू होतो. अंदाजांचे कागद १ तारखेच्या रात्रीपर्यंत सरांकडे द्या, नंतर ते घेणार नाहीत. ज्यांची सोमवारी सकाळची ड्युटी आहे त्यांनी आत्ताच अदलाबदल करून ठेवा.