जीपीएक्स रीडरला टाइप लावताना: एक्सएमएलचा टप्पा

जीपीएक्स म्हणजे जीपीएसने नोंदलेली वाट साठवणारी एक्सएमएल फाइल. ती वाचणाऱ्या पायथन प्रोग्रामच्या फंक्शन्सना टाइप (कुठल्या प्रकारची किंमत येते-जाते याची नोंद) लावतोय.

सद्यस्थिती: अंतर-चढ मोजणारं मोड्यूल पूर्ण झालं, एक्सएमएल वाचणारंही झालं. नकाशा काढणारं अजून कोरं आहे.

क्रम खालून वर. जे मोड्यूल आपली दुसरी कुठलीच फाइल इम्पोर्ट करत नाही, ते आधी. वरून सुरुवात केली तर खालची बिनटाइपची फंक्शन्स 'एनी' (कुठलाही टाइप चालेल) परत करतात, आणि एनीबद्दल मायपाय (टाइप तपासणारं साधन) चकार शब्द काढत नाही.

शिवाय डेफच्या (फंक्शन जिथे सुरू होतं त्या) ओळीत एकही टाइप नसेल तर त्या फंक्शनच्या आत मायपाय मुळात बघतच नाही. आर्ग्युमेंट नसलेल्या फंक्शनलाही बाण काढून 'नन' (काहीच नाही) लिहावंच लागतं. म्हणून मायपायच्या सेटिंगमध्ये 'चेक अनटाइप्ड डेफ्स' (बिनटाइपची फंक्शन्सही तपास) सगळीकडे चालू, आणि झालेल्या मोड्यूलपुरतं ओव्हरराइडमध्ये 'डिसअलाउ अनटाइप्ड डेफ्स' (बिनटाइपचं फंक्शन चालणार नाही).

खरी मजा उंचीच्या टॅगमध्ये. जुनी ओळ थेट फाइंड करून (टॅग शोधून) टेक्स्ट घ्यायची आणि त्याचा फ्लोट (दशांश आकडा) करायची. त्यावर दोन एरर आल्या: फाइंड नन देऊ शकतं, टेक्स्टही नन असू शकतो. रास्त आहे, जीपीएक्स 1.1 मध्ये अक्षांश-रेखांश सक्तीचे, उंची ऐच्छिक.

मायपायचं तोंड बंद करायला तिथे 0 भरू नका. कळसूबाईच्या माथ्यावर (1,646 मीटर) एका बिंदूची उंची गायब असली तर एकूण चढात फुकटचे 1,646 मीटर जमा होतात. फंक्शन 'फ्लोट किंवा नन' परत करू द्या आणि चढ मोजताना नन बिंदू गाळा.

आता सापळा. 'इफ एलिमेंट' एवढंच लिहिलं की मायपाय खूश. पण एलिमेंटट्रीमध्ये (पायथनची एक्सएमएल वाचणारी लायब्ररी) पोटात टॅग नसलेला एलिमेंट खोटा धरला जातो आणि उंचीच्या टॅगात नुसता आकडा असतो. म्हणजे सगळ्याच उंच्या गुपचूप गाळल्या जातात! पायथन 3.12 पासून निदान डेप्रिकेशनची (ही पद्धत पुढे सोडायची आहे अशी) वॉर्निंग येते. 'इज नॉट नन' असंच लिहा. नेमस्पेस (टॅगच्या नावाला जोडलेली ओळख) न देता फाइंड केलं तरी नेहमी ननच मिळतं, तेही टाइपमधून कळत नाही. दोन्हींसाठी खऱ्या फाइलवरची टेस्ट हवी.

पुढे नकाशा. तिथल्या लायब्ररीला टाइप नसतील तर 'इग्नोर मिसिंग इम्पोर्ट्स' (न सापडलेल्या इम्पोर्टकडे दुर्लक्ष कर) त्या एका नावापुरतंच. सरसकट लावलं तर इम्पोर्टमधलं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा खपून जातं.