पुढे पूजेचं दुकान, मागे भट्टी: आप्पांनंतरचे कागद

आप्पा, म्हणजे माझे वडील, फेब्रुवारी 2024 मध्ये गेले. सुतकाचे दिवस पुढचं पूजा साहित्याचं दुकान बंद होतं, पण मागची पावाची भट्टी मामांनी एक दिवसही थंड होऊ दिली नाही. मामा म्हणजे पाव भाजणारे आमचे मिस्त्री. नात्याने कुणी नाहीत, पण माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे आहेत. तेरावं झाल्यावर मी गल्ल्यावर बसले आणि भिंतीवरच्या चौकटीतला फूड रजिस्ट्रेशनचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. नाव आप्पांचं, फोटोही आप्पांचा.

नियम मला उशिरा कळला, म्हणून इथे आधीच सांगते. ज्याच्या नावावर खाद्यपदार्थांचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स आहे तो माणूस गेला, तर घरच्यांना त्याच कागदावर 90 दिवस धंदा चालवता येतो. अधिकाऱ्यांनी मान्य केलं तर मुदत वाढतेही, पण ती आपण मागावी लागते. माझे पहिले 38 दिवस मृत्यूचा दाखला आणि वंशावळ काढण्यातच गेले.

वंशावळीसाठी आजोबांपर्यंत मागे जावं लागलं आणि त्यासाठी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आमचं दुकान बेळगावच्या शहापुरात. आजोबा कॅम्पातल्या एका बेकरीत पाव भाजायला शिकले. आजी घरी कापसाच्या वाती आणि वस्त्रमाळा करून विकायची. 1946 साली दोघांनी एकाच घरात दोन्ही कामं मांडली. ओसरीवर आजीचं पूजेचं सामान, परसात आजोबांची भट्टी. आजीची एकच अट होती, या छपराखाली अंडं येणार नाही. ती आजही पाळली जाते. नाताळात केक मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही नानकटाई देतो.

ट्रंकेतली सगळ्यात जुनी पावती सांगली संस्थानाची निघाली, कारण तेव्हा शहापूर सांगलीकरांकडे होतं आणि लगतचं बेळगाव इंग्रजांकडे. तिच्याखाली 1948 नंतरचे मुंबई प्रांताचे कागद, मग 1956 नंतरचे म्हैसूर राज्याचे, मग 1973 पासूनचे कर्नाटकाचे. 2014 च्या 1 नोव्हेंबरनंतरच्या कागदांवर शहराचं इंग्रजी नावही बदलून बेळगावी झालेलं. भट्टी जागची एक फूट हलली नाही, पण कागदावर ती चार सरकारांत फिरून आली. सरकारी कचेरीच्या खिडकीवर मात्र याचा अर्थ एवढाच होता की पत्ते जुळत नाहीत. आजोबांचं आडनाव एका कागदावर 'ळ' ने, दुसऱ्यावर 'ल' ने. ही सगळी माणसं आणि पत्ते एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. शिवाय पुण्याच्या भावाचं आणि आईचं ना-हरकत पत्र. ज्यांच्या घरात जुने कागद आहेत त्यांनी म्हातारी माणसं हयात असतानाच ते एकदा लावून ठेवावेत. कुठला कागद कशाचा हे आप्पांनी मला पाच मिनिटांत सांगितलं असतं.

अर्ज भरताना मी चुकले ते घाईमुळे. एका एजंटाला चार हजार दिले. त्याने धंद्याच्या प्रकारात 'उत्पादक'ऐवजी 'किरकोळ विक्रेता' टाकलं आणि अर्ज परत आला. तेव्हा आमच्या सीएंनी विक्रीची वही पाहिली आणि मूळ गोष्ट सांगितली. आप्पांनी फार वर्षांपूर्वी घेतलेलं वर्षाला 100 रुपयांचं रजिस्ट्रेशन तेव्हा 12 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्यांसाठी होतं. आम्ही रोज दोन पोती मैदा लावतो, त्यामुळे ती मर्यादा कधीच ओलांडली होती. आता राज्याचं लायसन्स हवं होतं. दिवसाला एक टनाच्या आतल्या उत्पादकाला त्याची फी तेव्हा वर्षाला 3000 रुपये होती. फीपेक्षा जड होते ते सोबतचे कागद: जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा रिपोर्ट, कामगारांचे वैद्यकीय दाखले. मी 81 व्या दिवशी मुदतवाढीचं पत्र दिलं आणि कामाला लागले. कन्नड मला बोलता छान येतं, लिहिताना हात अडतो. समोरच्या झेरॉक्सवाल्या अक्कांनी प्रत्येक पत्र वाचून दाखवलं, "इल्लि सही माड्री" (इथे सही करा) म्हणत बोट ठेवलं आणि टायपिंगचे पैसे घेतले नाहीत.

पाण्याने पहिल्यांदा नापास केलं. पीठ आम्ही घरच्या आडाच्या पाण्याने मळतो, आणि पावाची चव त्या पाण्याची हे आमच्या घरात देवाच्या गोष्टीसारखं सांगितलं जातं. रिपोर्टमध्ये कोलिफॉर्म जंतू निघाले. आड उपसला, क्लोरीन टाकलं, कठड्याच्या फटी बुजवल्या, फिल्टर बसवला. दुसरा रिपोर्ट स्वच्छ आला. पावाची चव तीच राहिली, हे आईने स्वतः खाऊन सांगितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मामा दाखल्याला घाबरले होते. इतकी वर्षं मैद्याच्या धुळीत काम केल्यामुळे त्यांना खोकला आहे. तपासणीत काही निघालं तर मी त्यांना काढून टाकेन असं त्यांना वाटत होतं, आणि ते माझ्याशी नाही, आईशी बोलले. मी त्यांच्यासोबत दवाखान्यात गेले. टायफॉइडची लस टोचली, छातीचा फोटो काढला, दाखला मिळाला. आता मैदा चाळताना ते तोंडाला पंचा बांधतात. हे आम्ही वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

मग तपासणी. आलेल्या अधिकारी बाईंनी भट्टी पाहिली, परात पाहिली, पावाच्या लाद्यांचे पत्रे उलटे करून पाहिले. मग वर बोट दाखवून विचारलं, "त्या माळ्यावर काय आहे?" मी सरळ सांगितलं: एका अंगाला मैद्याची पोती, दुसऱ्या अंगाला दुकानाचा माल. अगरबत्ती, कापूर, भंडारा, गुलाल, बुक्का, शेंदूर. शेंदराचं नाव ऐकून त्या थांबल्या. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. मारुतीला, गणपतीला लावायचा आम्ही किलोवर विकतो, आणि त्याची पिशवी मैद्याच्या पोत्यापासून चार हातांवर होती. शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं, हे मी शाळेत वाचलेलं होतं. तरी दोन गोष्टी कधी जोडून पाहिल्या नाहीत. शेंदूर आमच्यासाठी देवाचा होता, आणि देवाच्या वस्तूने अपाय होईल असं मनातच येत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. गल्लीतली किती लेकरं आमचा पाव चहात बुडवून मोठी झाली, त्यांचे चेहरे आठवत राहिले.

बाईंनी ओरडून काही सांगितलं नाही. दोन धंदे राहू देत, पण मध्ये भिंत हवी, साठवण वेगळी हवी, तराजू वेगळा हवा, असं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोती उतरवली. माळा धुतला, शेंदूर झाकणाच्या डब्यांत भरून पुढच्या कपाटात गेला. भंडाऱ्याच्या पुड्यांवर मी चिठ्ठ्या लावल्या: 'पूजेसाठी. खाण्यासाठी नाही.' सौंदत्तीच्या जत्रेला जाणारी माणसं यल्लम्माचा भंडारा कपाळाला लावतात आणि चिमूटभर तोंडातही टाकतात, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटलं. तोंडात टाकायचा असेल तर घरची दळलेली हळद न्या, असं आई प्रत्येकाला सांगते.

भिंतीला आईचा विरोध होता. तिचं म्हणणं खरं होतं. चाळीस वर्षं ती गल्ल्यावर बसून मागची भट्टी बघत आली. पाव कधी काढायचा ते तिला वासावरून कळतं, मामांनाही तिचीच हाक लागते. "भिंत घातलीस तर मी तिकडची उरणारच नाही गं," म्हणाली. गवंड्याने तोड काढली, भिंतीत पक्की बसवलेली काच. हवा जाणार नाही, नजर जाईल. वास मात्र गेला.

जीएसटीचं त्या मानाने सोपं निघालं. आप्पांचा नंबर बंद, माझा नवा, शिल्लक मालावर आधी भरलेल्या कराचं क्रेडिट त्यावर वळवलं. मालाची यादी करताना मात्र मी रमले. जानवं, विभूती, समईच्या वाती, कुंकू यांवर कर नाही. अगरबत्तीवर 5 टक्के. पावावर काही नाही, पण तोच पाव कापून परत भाजला की टोस्ट होतो आणि 5 टक्के लागतो. बिस्किटांवर तेव्हा 18 होते, सप्टेंबर 2025 पासून तेही 5 वर आले. ही यादी आईला वाचून दाखवली तेव्हा वातींवर कर नाही हे ऐकून ती म्हणाली, "आजीच्या हातच्या वस्तूला कोण कर लावील?"

पाटीही 2024 सालीच बदलली. 60 टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या भागात, असा आता कायदा आहे. नव्या पाटीवर वर कन्नड, खाली मराठी. आजोबांनी रंगवून घेतलेली सागवानी मराठी पाटी उतरवताना हात थरथरला, ते लपवत नाही. ती आता दुकानात, देवाच्या फोटोशेजारी आहे. अक्कांनी नव्या पाटीवरची कन्नड अक्षरं स्वतः तपासून दिली. पेंटरने एक मात्रा चुकवली होती, ती त्यांनीच पकडली.

लायसन्स ऑगस्टमध्ये आलं. पाच वर्षांचं घेतलं, चौदा आकडी नंबर पावाच्या पिशवीवर छापून घेतला. आप्पांचा जुना कागद ट्रंकेत गेला.

भिंतीचं म्हणाल तर, आईने आपली वाट काढली. पहाटे ती गल्ल्यावर आप्पांच्या खुर्चीत बसते, हातात पाच रुपयांचं नाणं असतं. पावाचा रंग मनासारखा आला की काचेवर दोनदा वाजवते. पलीकडे मामा मान न वळवता लांब दांड्याचं फावडं भट्टीत घालतात.